वाचकांचे प्रश्न : डेटा प्रकल्पाची फोल्डर-रचना

डेटा सायन्सच्या प्रकल्पात फाइली कशा लावाव्यात, याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढील बहुतेक उत्तरे त्यावरच उभी आहेत.

प्रश्न : आमची पुण्यातील एक छोटी संस्था तालुकावार पाऊस आणि बाजार समित्यांमधील शेतमालाचे भाव यांचा संबंध अभ्यासते. आम्ही चौघे जण हे काम करतो आणि प्रत्येकाची फाइली ठेवण्याची पद्धत वेगळी आहे. सामायिक ड्राइव्हवर 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन' अशा नावांच्या फाइली साचल्या आहेत. मागच्या अहवालातील एक तक्ता नेमका कोणत्या फाइलीवरून काढला होता, हे आता आमच्यापैकी कोणालाही सांगता येत नाही. सर्व प्रकल्पांसाठी एकच ठरावीक फोल्डर-रचना असावी असे वाटते. तयार साचे मिळतात असे ऐकले आहे. त्यांतील एखादा जसाच्या तसा घ्यावा की आपला आपण बनवावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तयार साचा घ्यावा आणि त्यातील जे फोल्डर आपल्या कामाला लागणार नाहीत ते पहिल्याच दिवशी काढून टाकावेत, असे माझे मत आहे. स्वतःची रचना मुळापासून आखायला बसले की बैठकांवर बैठका होतात आणि शेवटी हाती येते ते बहुधा तयार साच्याच्या जवळपासचेच असते. शिवाय नव्याने रुजू होणाऱ्या सहकाऱ्याने तयार साचा आधी कोठेतरी पाहिलेला असण्याची शक्यता असते. घरगुती रचनेत हा फायदा मिळत नाही. या क्षेत्रातील परिचित साचा म्हणजे 'कुकीकटर डेटा सायन्स'. सामाजिक उपयोगाच्या डेटा-स्पर्धा भरवणाऱ्या ड्रिव्हनडेटा या अमेरिकी संस्थेने तो तयार केला असून २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. एक आदेश देऊन प्रकल्पाचे नाव, लेखक, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती अशा मोजक्या प्रश्नांची उत्तरे दिली की सगळे फोल्डर आपोआप तयार होतात.

यामागचा विचार मात्र या साच्यापेक्षा जुना आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील विल्यम नोबल यांनी २००९ मध्ये 'प्लॉस कम्प्युटेशनल बायॉलॉजी' या नियतकालिकात संगणकीय जीवशास्त्राचे प्रकल्प कसे लावावेत यावर एक छोटा लेख लिहिला होता. त्यातील दोन गोष्टी आपल्याला थेट लागू पडतात. आपल्या कामाशी अपरिचित असलेल्या माणसाला केवळ फाइली पाहून आपण काय केले आणि का केले हे समजले पाहिजे, ही पहिली. आणि आपण जे काही करतो ते बहुधा पुन्हा एकदा करावे लागते, ही दुसरी. आपल्या संस्थेला दरवर्षी नव्या पावसाळ्याचे आकडे घेऊन तोच अहवाल पुन्हा काढावा लागत असणार, तेव्हा दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची समजावी.

फोल्डरांची नावे पाठ करण्यापेक्षा एका कसोटीचा अवलंब केला तर रचना आपोआप उलगडते. कोणतीही फाइल हाती घेऊन विचारावे : ही आज नाहीशी झाली, तर संगणकाकडून पुन्हा तयार करून घेता येईल का? या कसोटीने प्रकल्पातील सर्व फाइली तीन गटांत पडतात. काही बाहेरून आलेल्या असतात, काही आपण स्वतः डोके चालवून लिहिलेल्या असतात आणि उरलेल्या सर्व या पहिल्या दोहोंवरून संगणकाने काढलेल्या असतात. पहिल्या दोन गटांना जीव लावून जपावे. तिसरा गट केव्हाही पुसून टाकता आला पाहिजे. 'फायनल नवीन' हा प्रकार उद्भवतो तो हे तीन गट एकाच फोल्डरमध्ये नांदू लागल्यामुळे. कोणती फाइल मूळ आणि कोणती काढलेली हेच कळेनासे झाले की काहीही पुसण्याचे धाडस होत नाही आणि मग प्रत्येक जण आपली एक प्रत करून ठेवतो.

बाहेरून आलेल्या फाइलींची जागा 'डेटा' या फोल्डरातील 'रॉ' हा उपफोल्डर. आपल्या बाबतीत येथे भारतीय हवामान विभागाच्या पावसाच्या फाइली, अ‍ॅगमार्कनेटवरून (शेतमालाच्या दरांचे सरकारी संकेतस्थळ) उतरवलेले आवक आणि दरांचे तक्ते आणि जनगणनेचे तालुकावार आकडे येतील. प्रत्येक स्रोताचा वेगळा उपफोल्डर करावा आणि त्याच्या आत उतरवल्याच्या तारखेचा फोल्डर, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने, म्हणजे '२०२५-०७-१५' असा. आपल्या रोजच्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला तर संगणक नावांच्या क्रमाने लावताना जानेवारीची पहिली तारीख आणि डिसेंबरची पहिली तारीख शेजारी आणून ठेवतो. सरकारी संकेतस्थळांवरील आकडे मागाहून दुरुस्त होत असतात, त्यामुळे मार्चमध्ये उतरवलेली आणि जुलैमध्ये उतरवलेली फाइल एकच आहे असे कधीही गृहीत धरू नये, दोन्ही ठेवाव्यात. फाइलीचे मूळ नावही बदलू नये. प्रत्येक स्रोताच्या फोल्डरात चार ओळींची एक साधी मजकूर-फाइल असावी : कोठून घेतली, कोणी घेतली, संकेतस्थळावर कोणते पर्याय निवडले होते आणि वापराच्या अटी काय आहेत. यातील तिसरी माहिती बहुतेक जण लिहीत नाहीत. एका बाजार समितीचे दर उतरवताना कांद्याचा कोणता वाण निवडला होता हे सहा महिन्यांनी आठवत नाही आणि फाइलीवरून ते दर वेळी कळतेच असे नाही.

या फोल्डरातील फाइली उतरवून झाल्या की लगेच त्यांच्यावर 'फक्त वाचण्यासाठी' ही खूण करावी आणि त्या एक्सेलमध्ये उघडून जतन करण्यास सर्वांना सक्त मनाई असावी. ही अट वाजवीपेक्षा कडक वाटेल, परंतु तिचे कारण आपल्याच डेटात आहे. २०११च्या जनगणनेत तालुक्यांना दिलेले पाच अंकी संकेतांक शून्याने सुरू होतात. सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल, एक्सेलमध्ये उघडली की तो शून्य गळतो, नुसते 'जतन करा' म्हटले की कायमचा जातो आणि मग पावसाच्या तक्त्यातील तालुका जनगणनेच्या तक्त्यातील तालुक्याशी जुळत नाही. एक्सेलचा हा आगाऊपणा जगभर छळतो. मानवी जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या समितीने अखेर काही जनुकांची नावेच बदलली आणि २०२० मध्ये तसे जाहीर केले, कारण 'मार्च १' किंवा 'सेप्ट १' असे वाचले जाणारे संकेत एक्सेल तारखांमध्ये बदलून टाकत असे.

आता दुसरा गट. माणसाने लिहिलेल्या फाइली म्हटले की फक्त कोड डोळ्यांसमोर येतो, पण आपल्या प्रकल्पात त्याहून नाजूक एक वस्तू असणार : जिल्हा-तालुक्यांच्या नावांचा मेळ घालणारा तक्ता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यामुळे २०११च्या जनगणनेत वसई, डहाणू, जव्हार हे तालुके ठाण्याखाली आहेत आणि आजच्या फाइलींमध्ये पालघरखाली. औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे जिल्हे २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, अहमदनगरचे पुढे अहिल्यानगर झाले. शिवाय इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक खात्याचे स्वतंत्र. हा मेळ कोणीतरी बसून हाताने घातलेला असतो. तो ना बाहेरून आलेला, ना संगणकाने काढलेला. हरवला तर आठवडा जातो. अशा तक्त्यांची जागा 'रेफरन्सेस' या फोल्डरात असावी आणि कोडच्या प्रत्येक बदलाची जशी नोंद राहते तशी त्यांच्याही प्रत्येक बदलाची राहावी. स्तंभांची माहिती देणारा तक्ताही येथेच ठेवावा : पाऊस मिलिमीटरमध्ये, दर प्रति क्विंटल रुपयांत, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे तीन स्तंभ, इत्यादी.

मूळ फाइलीत उघड चूक दिसली, उदाहरणार्थ एका दिवशी कांद्याचा दर दसपट छापला गेला आहे असे आढळले, तरी ती 'रॉ'मध्ये दुरुस्त करायची नाही. बाजार समिती, तारीख, चुकीचा आकडा, योग्य आकडा आणि कारण असे पाच स्तंभ असलेला दुरुस्ती-तक्ता 'रेफरन्सेस'मध्ये करावा आणि कोडने तो लागू करावा. यामुळे अहवाल वाचणाऱ्याने 'हा आकडा तुम्ही का बदललात?' असे विचारले तर त्याचे उत्तर एका ओळीत दाखवता येते.

तिसऱ्या गटातील डेटासाठी साच्यात 'इंटरिम' आणि 'प्रोसेस्ड' असे दोन फोल्डर आहेत. नकाशावर आखलेल्या चौकोनी जाळीतील पावसाच्या आकड्यांवरून काढलेली तालुकावार सरासरी ही मधल्या टप्प्यावरची वस्तू, म्हणून ती 'इंटरिम'मध्ये. पाऊस, आवक आणि दर एकत्र जोडून झालेला अंतिम तक्ता 'प्रोसेस्ड'मध्ये. नियम एवढाच की अहवालातील प्रत्येक आलेख आणि तक्ता केवळ 'प्रोसेस्ड'मधूनच निघावा. साच्यात याखेरीज 'एक्स्टर्नल' नावाचा एक फोल्डर आहे, तिसऱ्या पक्षाकडून मिळालेल्या डेटासाठी. आपण तो काढून टाकावा. ज्या संस्थेचा स्वतःचा डेटा असतो तिला हा भेद उपयोगी पडतो. आपला सगळाच डेटा इतरांचा आहे आणि दोन फोल्डर ठेवले तर एकच फाइल कोणी इकडे तर कोणी तिकडे ठेवील.

कोडसाठी दोन जागा लागतात आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. ज्युपिटर नोटबुक, म्हणजे कोड कप्प्याकप्प्यांत लिहून त्याचे उत्तर तेथेच दाखवणारी फाइल, हे चाचपणीसाठी उत्तम साधन आहे, परंतु त्यातील कप्पे कोणत्याही क्रमाने चालवता येत असल्यामुळे पडद्यावर दिसणारे उत्तर वरून खाली चालवल्यावर पुन्हा तेच येईल याची शाश्वती नसते. म्हणून चाचपणी 'नोटबुक्स'मध्ये करावी आणि एखादे काम दुसऱ्यांदा करावेसे वाटले की त्याचे फंक्शन (नावाने पुन्हा वापरता येणारा कोडचा तुकडा) करून ते स्रोत-कोडच्या फोल्डरात हलवावे. साच्याच्या जुन्या आवृत्तीत या फोल्डराचे नाव 'एसआरसी' होते. नव्या आवृत्तीत तो प्रकल्पाच्या नावाने असतो. नोटबुकच्या नावात क्रमांक, करणाऱ्याची आद्याक्षरे आणि थोडक्यात विषय असावा, असा या साच्याचा संकेत आहे. क्रमांक '०१', '०२' असे दोन अंकी ठेवावेत, नाहीतर बऱ्याच ठिकाणी दहावे नोटबुक दुसऱ्याच्या आधी जाऊन बसते. आद्याक्षरांचा संकेत किरकोळ वाटला तरी चौघांच्या गटात तो फार कामी येतो : ज्याचे नोटबुक त्यानेच बदलायचे, इतरांनी वाचायचे किंवा आपली प्रत करायची, हे त्यातून न सांगता ठरते.

'रिपोर्ट्स' फोल्डरबद्दल एक सावधगिरी. आलेख संगणकाने काढलेले असतात, पण वर्डमध्ये लिहिलेला अहवाल माणसाचा असतो. म्हणजे एका फोल्डरात दोन गट येतात. आलेखांसाठी आत 'फिगर्स' हा उपफोल्डर साच्यात असतोच. तेथे कोडखेरीज कोणी काही ठेवायचे नाही आणि वर्डमधील अहवालात चित्र चिकटवताना त्याचे फाइल-नाव खाली बारीक अक्षरात ठेवायचे, एवढे पाळले तर आपला हरवलेला तक्ता पुढच्या वेळी सापडेल.

राहिला प्रश्न हे सर्व कोणत्या क्रमाने चालवायचे याचा. साच्यात त्यासाठी 'मेकफाइल' असते. मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली तयार केले. कोणती फाइल कोणत्या फाइलींवरून निघते हे एकदा लिहून दिले की बदललेल्या फाइलींवर अवलंबून असलेले टप्पेच ते पुन्हा चालवते. आपण विंडोजवर काम करत असाल तर मेक सहसा आधीपासून नसते. अशा वेळी त्याच्या मागे न लागता सर्व टप्पे ओळीने चालवणारी एकच पायथन स्क्रिप्ट प्रकल्पाच्या मुळाशी ठेवावी. महिन्यातून एकदा 'इंटरिम', 'प्रोसेस्ड' आणि 'फिगर्स' हे तिन्ही फोल्डर रिकामे करून ती चालवून पाहावी. आलेख पुन्हा तेच आले तर रचना पाळली जात आहे. आले नाहीत तर कोणीतरी कोठेतरी हाताने काही ठेवले आहे, आणि ते दोन वर्षांनी कळण्यापेक्षा याच महिन्यात कळलेले बरे.

'रीडमी' फाइलीत फार साहित्य लिहू नये. प्रकल्प कशासाठी आहे, डेटा कोठून मिळतो, कोणती स्क्रिप्ट चालवायची आणि अडल्यास कोणाला विचारायचे, इतके पुरे. पायथनच्या पॅकेजांच्या (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचांच्या) आवृत्त्या नोंदवणारी फाइल तिच्या शेजारीच असावी.

प्रश्न : माझे नोटबुक माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालते, मार्गदर्शकांच्या संगणकावर मात्र पहिल्याच ओळीत 'फाइल सापडत नाही' असे सांगून थांबते. फोल्डर-रचना तर दोघांकडे एकच आहे. असे का व्हावे?
— एक संशोधक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : रचना एक असली तरी ती दोन संगणकांवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते. आपल्या पहिल्या ओळीत 'सी ड्राइव्ह, यूझर्स, त्यापुढे आपले नाव' असा संपूर्ण पत्ता लिहिलेला असणार. असा पत्ता कोडमध्ये कधीही असू नये. पत्ता नेहमी प्रकल्पाच्या मूळ फोल्डरापासून मोजावा. येथे आणखी एक खाच आहे : ज्युपिटर सहसा नोटबुक ज्या फोल्डरात असेल तोच चालू फोल्डर (जेथून पत्ते मोजले जातात तो) मानते, तर आपण प्रकल्पाच्या मुळाशी उभे राहून स्क्रिप्ट चालवली तर चालू फोल्डर मूळ फोल्डर असतो. त्यामुळे 'दोन टिंबे, मग डेटा' (दोन टिंबे म्हणजे एक फोल्डर वर) अशा धर्तीचा पत्ता नोटबुकमध्ये चालतो आणि तोच कोड स्क्रिप्टमध्ये हलवला की अडतो.

उपाय असा की मूळ फोल्डराचा पत्ता एकाच ठिकाणी काढावा. वर उल्लेखिलेल्या साच्याच्या नव्या आवृत्तीत यासाठी 'कॉन्फिग' नावाची छोटी पायथन फाइल तयारच मिळते. ती स्वतः कोठे आहे यावरून मूळ फोल्डर शोधते आणि 'रॉ', 'प्रोसेस्ड' इत्यादींचे पत्ते तेथून बांधते. इतर सर्व कोडने पत्ते याच फाइलीकडून घ्यावेत. पायथन ३.४ पासून प्रमाण संग्रहात असलेले 'पाथलिब' यासाठी वापरावे, म्हणजे विंडोजची उलटी तिरकी रेघ आणि लिनक्सची सुलटी रेघ हा घोळ उरत नाही. नोटबुकला ही फाइल सापडावी म्हणून प्रकल्पाचा कोड पिप या पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने 'एडिटेबल' पद्धतीने, म्हणजे कोडमधील बदल आपोआप लागू होतील अशा रीतीने, एकदा इन्स्टॉल करावा. आपण आर भाषा वापरत असाल तर 'हिअर' हे पॅकेज हेच काम करते, आणि मग स्क्रिप्टच्या माथ्यावर चालू फोल्डर बदलणारा 'सेटडब्ल्यूडी' हा आदेश लिहिण्याची गरज राहत नाही.

आपल्या मार्गदर्शकांकडे लिनक्स असेल तर अक्षरांचाही तपास करावा. इंग्रजी नावातील लहान आणि मोठ्या लिपीचा फरक विंडोज साधारणपणे मानत नाही, लिनक्स मानते.

प्रश्न : आम्ही एका सहकारी पतसंस्थेसाठी कर्जफेडीचा अंदाज देणारे मॉडेल करत आहोत. संपूर्ण प्रकल्प गिट या फाइलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवायचा ठरले आहे. डेटाचा फोल्डरही त्यात घ्यावा का? रिपॉझिटरी, म्हणजे गिटमधील हा साठा, खाजगीच आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घेऊ नये, आणि आपल्या बाबतीत तर मुळीच घेऊ नये.

सामान्य कारण आकारमानाचे आहे. असे साठे ऑनलाइन ठेवणारी गिटहब ही सेवा १०० एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारत नाही आणि ५० एमबीच्या पुढे सावध करते, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण खरी अडचण एका फाइलीची नसून साठत जाण्याची असते. हवामान विभागाची पाव अंश अक्षांश-रेखांशाच्या जाळीवरील दैनंदिन पावसाची एका वर्षाची फाइल साधारण २५ एमबीची असते, म्हणजे ती सहज स्वीकारली जाईल. १९०१ पासूनची सगळी वर्षे घेतली की तीन जीबी होतात. त्यांत एकदा दुरुस्ती होऊन नव्या फाइली आल्या की गिट जुन्याही राखून ठेवते आणि रिपॉझिटरीची प्रत घेणाऱ्या प्रत्येकाला सहसा दोन्ही उतरवाव्या लागतात.

आपल्यासाठी मोठे कारण गोपनीयतेचे. खातेदारांची नावे, पॅन, मोबाइल क्रमांक आणि हप्त्यांचा इतिहास हा वैयक्तिक डेटा आहे आणि २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा विषय आहे. गिटमधील फाइल पुढच्या नोंदीत पुसली तरी आधीच्या नोंदींत ती तशीच राहते. ती खरोखर काढायची तर सगळा इतिहास पुन्हा लिहावा लागतो आणि तोवर ज्यांनी प्रत घेतली त्यांच्याकडे ती असतेच. खाजगी रिपॉझिटरी म्हणजे फक्त आज कोणाला प्रवेश आहे याचे उत्तर. उद्या कोणाला मिळेल याचे नव्हे.

तेव्हा 'डेटा' हा फोल्डर, गिटने काय वगळावे हे सांगणाऱ्या 'गिटइग्नोर' फाइलीत पहिल्या नोंदीपूर्वीच लिहून टाकावा. गिट रिकाम्या फोल्डरांची नोंद ठेवत नाही, त्यामुळे रचना सर्वांना मिळावी म्हणून प्रत्येक फोल्डरात 'गिटकीप' नावाची रिकामी फाइल ठेवण्याची रूढी आहे. तेवढ्या फाइलींना मात्र सवलत द्यावी. डेटाबेसचा पासवर्ड आणि इतर किल्ल्या (प्रवेशाचे गुप्त संकेत) 'डॉट एन्व्ह' या फाइलीत असाव्यात आणि तीही गिटबाहेर राहावी. चुकून किल्ली नोंदली गेलीच तर फाइल पुसत बसण्याआधी ती किल्ली रद्द करून नवी घ्यावी.

एवढे करूनही एक वाट उघडी राहते. ज्युपिटर नोटबुक कोडसोबत त्याचे उत्तरही फाइलीत साठवते. तक्त्याच्या पहिल्या पाच ओळी पाहण्यासाठी दिलेला साधा आदेश पाच खातेदारांची माहिती नोटबुकमध्ये लिहून ठेवतो आणि ते नोटबुक गिटमध्ये जाते. 'एनबीस्ट्रिपआउट' हे साधन बसवले तर नोंद होण्यापूर्वी ही उत्तरे आपोआप गळतात. त्याहून चांगले म्हणजे विश्लेषणाच्या प्रकल्पात ओळख पटवणारे स्तंभ येऊच देऊ नयेत : पतसंस्थेच्याच संगणकावर खातेक्रमांकाऐवजी निराळा संकेतांक घालून घ्यावा आणि दोहोंचा मेळ सांगणारा तक्ता तेथेच राहू द्यावा. आपल्या 'रॉ'मध्ये मग आधीच नावे वगळलेली फाइल येईल. यावर 'मूळ डेटा जसाच्या तसा ठेवा' हा नियम मोडला असा आक्षेप कोणी घेतला, तर तो मानू नये. आपल्या प्रकल्पापुरता मूळ डेटा तोच.

मग कोणत्या मॉडेलसाठी कोणता डेटा वापरला होता याची नोंद कशी राहावी? डीव्हीसी हे साधन डेटाची फाइल गिटबाहेरच्या साठ्यात ठेवते आणि तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा (मजकूर बदलला की बदलणारी अक्षरांची छोटी ओळ) असलेली छोटी फाइल गिटमध्ये ठेवते. दोघा-तिघांच्या गटाला नवे साधन शिकणे जड वाटत असेल, तर 'रॉ'मधील प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ या पद्धतीचा ठसा एका मजकूर-फाइलीत लिहून तेवढी गिटमध्ये ठेवली तरी बरेचसे साधते. 'मॉडेल्स' फोल्डरातील फाइलींच्या नावात तारखेबरोबर गिटच्या नोंदीचा क्रमांकही घालावा.

प्रश्न : आमची सर्व कामे मराठीत चालतात. फोल्डर आणि फाइलींना देवनागरी नावे दिली तर काही बिघडते का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आजच्या संगणकांवर देवनागरी नावे चालतात आणि अहवाल, पत्रे, इतिवृत्ते यांना ती जरूर द्यावीत. कोड ज्या फाइली नावाने शोधतो त्यांना मात्र रोमन लिपीतील लहान अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढ्यातच बसणारी नावे द्यावीत, असा माझा आग्रह राहील. कारण भाषाभिमानाशी संबंधित नाही. 'शेतकऱ्यांची यादी' या नावातील अर्धा 'र' दोन प्रकारे टंकता येतो : नुक्ता असलेला 'ऱ' वापरून, किंवा साध्या 'र'ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. एकाने एका कळफलकावर फाइल जतन केली आणि दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावर तेच नाव कोडमध्ये लिहिले, तर समोर दिसणारी फाइल सापडत नाही आणि कारण डोळ्यांना दिसत नाही. झिप करून दुसऱ्या प्रणालीवर उघडतानाही अशी नावे कधी कधी विस्कटतात.

हीच गोष्ट तक्त्यांच्या आतील गावांच्या आणि व्यक्तींच्या नावांनाही लागू आहे, आणि तेथे रोमन लिपीचा मार्ग उपलब्ध नाही. म्हणून 'रॉ'मधून 'इंटरिम'मध्ये जाताना सर्व देवनागरी मजकूर एकाच युनिकोड (सर्व लिपींतील अक्षरांच्या प्रमाण संकेतांकांची पद्धत) रूपात आणण्याचा टप्पा ठेवावा. मात्र युनिकोडचे प्रमाण रूपांतर जोडचिन्हाचा हा फरक मिटवत नाही, त्यासाठी बदलाचा एक स्वतंत्र नियम लिहावा लागतो. ग्रामपंचायती आणि जुन्या कार्यालयांकडून आलेल्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर रूपांतर हा स्वतंत्र, पहिला टप्पा समजावा आणि जुन्या फॉन्टमधील मूळ फाइल 'रॉ'मध्ये तशीच राहू द्यावी, कारण रूपांतरात जोडाक्षरे हमखास कोठेतरी चुकतात. मराठी मजकुराची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडणाऱ्या वाचकांना द्यायची असेल, तर पायथनमध्ये 'यूटीएफ-८-सिग' हा पर्याय निवडून ती लिहावी, म्हणजे अक्षरांऐवजी खुणांचा गुंता दिसणार नाही.

प्रश्न : चालू प्रकल्प दोन वर्षांचा आहे आणि त्यात शेकडो फाइली आहेत. नवी रचना लागू करायची तर सगळे हलवावे लागेल. ते करावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सगळे हलवू नये. जुना फोल्डर जसा आहे तसा 'फक्त वाचण्यासाठी' करून ठेवावा आणि शेजारी नवी रिकामी रचना उभी करावी. मग शेवटच्या अहवालातील एकच तक्ता निवडावा आणि तो नव्या रचनेत पुन्हा निघेपर्यंत, त्याला लागणाऱ्या तेवढ्याच फाइली जुन्या फोल्डरातून आणाव्यात : आधी मूळ डेटा, मग हाताने केलेले तक्ते, शेवटी कोड. आकडे छापील अहवालाशी ताडून पाहावेत. ते जुळले की दुसरा तक्ता घ्यावा. न जुळल्यास घाईने कोड दुरुस्त करू नये. छापलेला आकडा कोणत्या डेटावरून आला होता हे आधी शोधावे, कारण अशा वेळी नवी मांडणी बरोबर आणि जुना तक्ता चुकीचा असण्याचीही शक्यता असते.

काम सुरू करण्यापूर्वी एक तपासून घ्यावे. आपला प्रकल्प गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या आपोआप जुळवल्या जाणाऱ्या फोल्डरात असेल, तर गिटची रिपॉझिटरी त्यात तयार करू नये. गिट स्वतःच्या अनेक छोट्या फाइली सतत बदलत असते. त्याच वेळी ड्राइव्ह त्या वर-खाली करू लागला आणि दोघे जण एकदम काम करत असले तर रिपॉझिटरी बिघडू शकते. कोड गिटमध्ये, 'रॉ' डेटा ड्राइव्हवर आणि ड्राइव्हचा पत्ता प्रत्येकाच्या आपापल्या 'डॉट एन्व्ह' फाइलीत, अशी विभागणी करावी.